मावशीकडे चहा नाही

एकदा एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठ संपून शेते सुरू होतात तिथल्या कौलारू घरात, एक वृद्ध भाषाकार राहत असत. भाषाकार म्हणजे कवी नव्हेत, की व्याकरणाचे पंडितही नव्हेत. त्यांनी भाषा रचली होती ती यंत्रांसाठी. माणसाने त्या भाषेत आज्ञा लिहायच्या आणि यंत्राने त्या मुकाट्याने पाळायच्या, असा तो व्यवहार होता. पाण्याचा पंप केव्हा सुरू करावा, डेअरीतले दूध किती थंड ठेवावे, गिरणीने केव्हा थांबावे, असल्या गोष्टी तिच्यात लिहिल्या जात. भाषा साधी होती, दिसायला जरा गबाळी होती, आणि साऱ्या पंचक्रोशीत चालत होती.

या भाषेची एक खोड होती. आज्ञा रोमन लिपीत लिहायच्या असत, आणि रोमन लिपीत प्रत्येक अक्षराची दोन रूपे असतात, एक मोठे आणि एक छोटे. जगातल्या पुष्कळ यंत्रभाषा या दोन रूपांत काटेकोर भेद करतात. तोच शब्द एकदा मोठ्या अक्षरांत आणि एकदा छोट्या अक्षरांत लिहिला, तर त्या दोन वेगळ्या वस्तू समजतात. वृद्धांची भाषा असले काही मानत नसे. 'टाकी' हा शब्द सगळा मोठ्या अक्षरांत लिहा, सगळा छोट्या अक्षरांत लिहा, नाहीतर मनाला येईल तशी सरमिसळ करा. यंत्र आपले म्हणे, कळले, टाकी.

वृद्धांपाशी एक शिष्य होता. अशा कथांमध्ये शिष्याला सहसा नाव नसते. पण या शिष्याला ते द्यावेच लागेल, कारण नावावरूनच त्याचे पुढे हाल व्हायचे आहेत. त्याचे नाव विश्वंभर. तो बुद्धिमान होता, कष्टाळू होता आणि नको तितका नीटनेटका होता. त्याच्या खोलीत पुस्तके उंचीप्रमाणे लावलेली असत, आणि ताटात चटणी कोशिंबिरीला लागलेली त्याला खपत नसे. अशा माणसाच्या नशिबी नेमकी ही भाषा यावी, यात नियतीचा थोडा खोडसाळपणा होता असे मला वाटते.

दरवर्षी अक्षय तृतीयेला भाषा वापरणाऱ्यांचा मेळावा त्या घराच्या अंगणात भरत असे. यंदा वृद्धांनी सर्वांना कळवले होते की, माझी नजर आता काम देत नाही, मेळाव्यात मी भाषा दुसऱ्याच्या हाती सोपवणार आहे. कोणाच्या, ते त्यांनी सांगितले नव्हते. भाषा आपल्याला मिळावी हे विश्वंभराच्या आयुष्यातले एकमेव स्वप्न होते. आणि ती मिळाली की तिला न्हाऊमाखू घालून चारचौघांत नेण्यासारखी करायची, हे दुसरे.

हे दुसरे स्वप्न त्याला हिवाळ्यात पडू लागले होते. शहरातले एक विद्वान तेव्हा घरी येऊन गेले होते. त्यांनी भाषा वरवर चाळली आणि विचारले, "म्हणजे तुमच्या भाषेला लहानमोठं कळतच नाही म्हणा की." वृद्ध त्यांच्याबरोबर मनापासून हसले. विश्वंभराला मात्र ते जिव्हारी लागले. आपल्या घरच्या माणसाला कोणी अडाणी म्हणावे आणि घरच्या माणसानेच त्यावर हसावे, तसे त्याला झाले. त्या दिवसापासून त्याने भाषेची नवी, काटेकोर आवृत्ती गुपचूप तयार करायला घेतली.

चैत्र संपत आला आणि आवृत्ती तयार झाली. ती कुठेतरी चालवून बघायला हवी होती. घरामागच्या विहिरीवर एक पंप होता, स्वयंपाकघरावरच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती, आणि त्या दोघांचा संसार वृद्धांनी फार पूर्वी लिहिलेल्या एका छोट्या आज्ञावलीवर चालत होता. दुपारी गुरुजी ओसरीवरच्या खाटेवर आडवे झाले, तसा विश्वंभराने आपल्या खोलीत बसून पंपावर नवी आवृत्ती चढवली.

आता त्या आज्ञावलीत झाले होते असे. एका ओळीत लिहिले होते की, गच्चीवरचे पाणी जितके चढेल तितके 'टाकी' या नावापुढे मांडून ठेव. तिथे टाकी मोठ्या अक्षरांत होती. खालच्या ओळीत लिहिले होते, टाकी भरली का बघ, भरली असेल तर पंप थांबव. तिथे टाकी छोट्या अक्षरांत होती. जुन्या भाषेत दोन्ही एकच. नव्या भाषेत मात्र टाक्या दोन झाल्या. मोठ्या अक्षरांतली भरत होती. छोट्या अक्षरांतली जगात नव्हतीच, त्यामुळे ती रिकामीच राहणार होती. यंत्र प्रामाणिक नोकरासारखे रिकाम्या टाकीकडे बघत राहिले आणि पाणी चढवत राहिले.

विश्वंभराच्या पडद्यावर टाकी रिकामी दिसत होती. खिडकीबाहेर पागोळ्या गळत होत्या. विश्वंभराने पडद्यावर विश्वास ठेवला.

त्या घरात स्वयंपाकपाणी पाहणाऱ्या अनसूयाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या घरातल्याच होऊन गेल्या होत्या. "विशू, वर पाणी चाललंय," त्या म्हणाल्या.

"नाही मावशी, टाकी रिकामी आहे," विश्वंभर पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

अनसूयाबाई गच्चीवर गेल्या आणि परत आल्या. आठवडाभर खपून त्यांनी केलेले उन्हाळ्याचे वाळवण गच्चीवर पसरलेले होते. त्यातली एक कुरडई, जी आता कुरडई राहिली नव्हती, त्यांनी पडद्यासमोर धरली. तिच्यातून विश्वंभराच्या टेबलावर पाणी ठिबकले. तेव्हा कुठे तो उठून पंपाकडे धावला.

गुरुजी ओसरीवर धोतराचा सोगा पिळत उभे होते. विश्वंभराने सगळे सांगून टाकले. लपवालपवी त्याच्या स्वभावात नव्हती. पण माघार घेणेही नव्हते. "गुरुजी, दोष नव्या आवृत्तीचा नाही," तो म्हणाला. "दोष आज्ञा लिहिणाऱ्याचा आहे. एकच टाकी, एकदा मोठ्या अक्षरांत आणि खालच्याच ओळीत छोट्या. इतका गबाळेपणा करावा तरी कोणी?"

"मी केला," गुरुजी म्हणाले.

त्यांनी सोगा झटकला आणि शांतपणे म्हणाले, "पण तुझं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. एका वस्तूला एकच नाव असावं आणि ते एकाच रूपात घ्यावं. यंत्रांचं नंतर बघू. उद्यापासून आपल्या घरात हा नियम लागू. नावं तू ठरव, नियम तुझा आहे."

विश्वंभराला हे अनपेक्षित होते, पण आवडले. त्याने तिथल्या तिथे नावे ठरवून टाकली. गुरुजी हे 'गुरुजी', अनसूयाबाई या 'अनसूयाबाई', आणि तो स्वतः 'विश्वंभर'. ज्या नावाशी जे ठेवले ते त्याच नावाकडे मागायचे, दुसऱ्या नावाकडे नाही. अनसूयाबाईंनी नियम पुन्हा एकदा नीट समजावून घेतला. वाळवण भिजल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वंभर आंघोळ करून स्वयंपाकघरात आला. आल्याच्या चहाचा वास दरवळत होता. पाटावर बसत तो म्हणाला, "मावशी, चहा द्या."

अनसूयाबाई तांदूळ निवडत राहिल्या. "मावशीकडे चहा नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, हा समोर पातेल्यात दिसतोय."

"तो अनसूयाबाईंनी केलाय."

"मग मावशीकडे काय आहे?"

"मावशीकडे काही नाही. ती आत्ता तू हाक मारलीस तेव्हा जन्माला आली. तिला अजून चूलसुद्धा माहीत नाही."

विश्वंभराच्या लक्षात आले की हे तंतोतंत बरोबर आहे, आणि त्याचाच त्याला राग आला. त्याने नियमाप्रमाणे अनसूयाबाईंकडे चहा मागितला, तेव्हा तो लगेच मिळाला. वर बशीत दोन शंकरपाळेही मिळाले. चला, जमतेय, असे त्याला वाटले.

पण जीभ ही काही कालची नसते. त्या घरात आल्यापासून तो त्या बाईंना मावशी म्हणत होता. तासाभराने त्याने धुवायचा शर्ट दिला तो 'मावशी'ला, आणि जेवणाआधी मागितला तर अनसूयाबाईंना त्या शर्टाची काही खबर नव्हती. जेवताना त्याने वरण मागितले, ते अनसूयाबाईंनी वाढले. भात मागितला तो मात्र पुन्हा मावशीकडे, म्हणून मग वरण नुसतेच प्यावे लागले. समोर गुरुजी शांतपणे जेवत होते. त्यांना काही मागावेच लागत नव्हते. ते सगळे आधीच ताटात वाढून घेत.

दुपारी विश्वंभर मोरीत बसून स्वतःच शर्ट धूत असताना फोन वाजला. गुरुजींनी उचलला. पलीकडे विश्वंभराची आई होती.

"नमस्कार. विशूला जरा बोलवता का?"

"विशू नावाचं इथे कोणी नाही," गुरुजी म्हणाले.

"अहो, असं काय म्हणता? काल तर होता."

"काल होता, खरं आहे. आज नाही."

पलीकडून हुंदका ऐकू आला. गुरुजींनाही थोडे वाईट वाटले असावे, कारण ते पुढे म्हणाले, "विश्वंभर नावाचे एक गृहस्थ आहेत. पण त्यांचा आणि तुमच्या विशूचा काही संबंध आहे का, ते नियमाप्रमाणे मला सांगता येत नाही."

विश्वंभर साबणाच्या हातांनी धावत आला आणि त्याने फोन हिसकावून घेतला. आई रडत होती. "कुठे होतास रे?" तिने विचारले. "मोरीत," तो म्हणाला, आणि पुढे बराच वेळ बोलणी खात उभा राहिला. साबण कोपरापर्यंत ओघळून वाळला. गुरुजींच्या मनात नेमके काय आहे, हे त्याला अजून उमगले नव्हते. वयोमानाने आलेला विक्षिप्तपणा असेल, अशी एक शंका त्याला चाटून गेली.

ऊन कलायला लागले तेव्हा फाटकाशी एक म्हातारा येऊन थांबला. तो काशिराम उगले. डोंगरापलीकडच्या एका छोट्या गावात तो पाणीपुरवठ्याचा पंप चालवी, आणि पंपाची आज्ञावली त्याने वृद्धांच्याच भाषेत, त्यांच्याकडूनच शिकून, लिहिलेली होती. हातात कैऱ्यांची पिशवी होती. कपडे धुळीने माखले होते.

"नाना हायेत का?" त्याने फाटकातून गुरुजींना हाक मारली.

गुरुजी ओसरीवर झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"नाना, मी काशिराम."

झोपाळ्याची कडी करकरली, बाकी काही नाही. विश्वंभर खिडकीतून बघत होता. गुरुजींना ऐकू आले आहे, हे त्याला स्पष्ट दिसत होते. काशिरामने पुन्हा हाक मारली, या वेळी जरा हळू, जणू आपला आवाजच मोठा झाला असावा. मग त्याने पिशवी फाटकाच्या आत टेकवली, टोपी सारखी केली आणि तो आल्या वाटेने परत फिरला.

गुरुजी उठतील म्हणून विश्वंभराने क्षणभर वाट पाहिली. ते उठणार नाहीत हे कळले, तसा तो तापलेल्या रस्त्यावरून अनवाणीच धावत सुटला. पिठाच्या गिरणीपाशी त्याने म्हाताऱ्याला गाठले.

"काशिराममामा, थांबा."

"नाना रागावल्यात जनू माझ्यावर," काशिराम म्हणाला.

"नाही हो, तसं काही नाही."

"मंग? माझं काय चुकलं त्येवढं सांगा. म्या दरसाल मारतो तशीच हाक मारली. दुसरी कुठली मारायची, त्ये मला ठावं न्हाई."

"तुमचं काही चुकलं नाही," विश्वंभर म्हणाला. "तुमची हाक बरोबर होती. आम्ही काल नियम बदलला."

"आन मला कोन सांगनार व्हतं?"

विश्वंभराने विषय बदलण्यासाठी विचारले, इतक्या उन्हात कशासाठी आलात?

"गावात कुनी तरी म्हनलं, भाषा बदलनार हाय. म्हनलं नानांना इचारून यावं, पंपाचं काय व्हईल. हिरीनं तळ गाठलाय बगा. रोज जरासं पानी वर चढतंय, त्येच पुरवून पुरवून वापरतोय आमी."

"तुमच्या प्रोग्रॅममध्ये टाकी कशी लिहिलीय? मोठ्या अक्षरांत की छोट्या?"

काशिरामला प्रश्न नीटसा कळला नाही. "जशी हातात यील तशी," तो म्हणाला. "कवा मोठी, कवा बारकी. नानाच म्हनले व्हते, कशीबी लिव, टाकी ती टाकीच."

विश्वंभराच्या डोळ्यांसमोर काशिरामच्या गावची टाकी उभी राहिली. इथे पाणी वाहिले ते कुरडयांवर. तिथे ते सगळ्या गावाचे उन्हाळ्याचे पाणी असते. ते टाकीवरून वाहून खडकात जिरले असते, काशिरामच्या पडद्यावर टाकी रिकामी दिसत राहिली असती, आणि माझे काय चुकले हे विचारायला हा म्हातारा डोंगर ओलांडून पुन्हा इथेच आला असता. त्याने काशिरामचा हात धरला आणि त्याला घेऊन तो माघारी आला.

दोघांना फाटकात बघताच गुरुजी झोपाळ्यावरून उठून पुढे गेले. "ये काशिराम, बस. फार ऊन लागलं का रे तुला?" त्यांनी त्याला जवळ बसवून घेतले आणि आत वळून म्हणाले, "मावशी, चहा टाका."

अनसूयाबाईंनी चहा आणला. कोणी मागितला आणि कोणी केला, हे कोणी विचारले नाही. विश्वंभराचा वाळलेला शर्टही त्यांनी घडी करून त्याच्या मांडीवर ठेवला.

पंपाला काही होणार नाही, असा शब्द घेऊन काशिराम निघून गेला. शब्द विश्वंभराने दिला होता. पण तो वाद सोडणारा शिष्य नव्हता, आणि तसा तो नव्हता म्हणूनच गुरुजींचा त्याच्यावर जीव होता.

"गुरुजी, हाल झाले हे मला मान्य," तो म्हणाला. "पण ते हाल काटेकोरपणामुळे झाले नाहीत. आम्हाला जुनी सवय होती म्हणून झाले. मी पहिल्या दिवसापासून अनसूयाबाई म्हणत असतो, आणि काशिराममामा पहिल्या दिवसापासून गुरुजी म्हणत असते, तर कोणाचंच काही अडलं नसतं."

"अगदी बरोबर," गुरुजी म्हणाले.

विश्वंभर थबकला. जिंकल्यासारखे झाले होते, पण तसे वाटत नव्हते.

"तू जे म्हणतोस ते चूक आहे असं मी कधी म्हणालो?" गुरुजी म्हणाले. "काटेकोर भाषेत लिहिलेलं वाचायला बरं पडतं, गोंधळ आधी कळतो, हे मलाही दिसतं. मी सैल भाषा केली, त्यालाही कारण होतं. आपल्या लिपीत मोठी आणि छोटी अक्षरं नाहीतच. काशिरामला शाळेत जे अक्षर शिकवलं, त्यात हा भेदच नव्हता. शिवाय ही माणसं एकमेकांना फोनवरून आज्ञा सांगत. टाकी म्हटलं की टाकी ऐकू येते, तिचं अक्षर मोठं की छोटं ते कानाला कळत नाही. म्हणून मी ते ठेवलं नाही. उद्या कोणी नवी भाषा रचायला बसलं, तर त्याने तुझ्यासारखं करावं की माझ्यासारखं, यावर आपण दोघं खुशाल भांडू. पण विशू, पहिला दिवस भाषेला एकदाच मिळतो. तो मी वापरून टाकला. तो आता तुलाही मिळणार नाही आणि मलाही नाही. त्यानंतर लोकांनी तिच्यावर पंप चालवले, डेअऱ्या चालवल्या, आणि मला न विचारता चालवल्या. मी जे सहज केलं, त्याच्यावर ते विसंबून आहेत. काशिरामने आज काहीही चूक केली नव्हती. त्याने कालचीच हाक मारली. कालची हाक आज ऐकू येणार नसेल, तर निदान तो घरी असताना, त्याच्या दारात जाऊन, आपण ते त्याला सांगितलं पाहिजे. आणि असे काशिराम किती आहेत, कुठे कुठे आहेत, ते मला ठाऊक नाही. तुला आहे?"

विश्वंभराने मान हलवली. त्यालाही ठाऊक नव्हते. तो ओसरीच्या पायरीवर बसला. त्याला खरोखर लाज वाटत होती, आणि गंमत म्हणजे, शहरातल्या विद्वानांसमोर वाटली होती त्याहून ही लाज बरीच हलकी होती.

त्या दिवसापासून मेळाव्यापर्यंत तो खोलीत बसून काम करत राहिला. काटेकोर आवृत्ती त्याने टाकून दिली नाही; इतका सद्गुणी तो नव्हता. त्याने अशी सोय केली की, ज्याला काटेकोरपणा हवा असेल त्याने आपल्या आज्ञावलीच्या माथ्यावर तशी एक ओळ लिहावी. ती ओळ असेल तिथे यंत्र मोठ्या-छोट्याचा भेद करील. नसेल तिथे कालचेच सगळे आजही चालेल. फार तर यंत्र नम्रपणे कळवील की, आपण टाकी दोन तऱ्हांनी लिहिली आहे, मला त्याचे काही नाही, सहज सांगितले. जुन्या सवयींचा एकेक कोपरा सांभाळताना त्याला घाम फुटला. सगळे मोडून नवे करणे याहून दुपटीने सोपे होते, हे त्याने अनसूयाबाईंना अनेकदा ऐकवले. "ती ओळ लिहिणार कोण?" त्यांनी एकदा विचारले. "मी," तो म्हणाला.

अक्षय तृतीयेला अंगण भरले. डेअरीवाले आले, गिरणीवाले आले, पंपवाले आले, आणि काशिराम पुढच्या रांगेत येऊन बसला. विश्वंभराने मोठे भाषण लिहून आणले होते. त्यात भाषेचा पूर्वेतिहास होता, दोन्ही बाजूंचा ऊहापोह होता आणि नव्या सोयींचे सविस्तर वर्णन होते. तो उभा राहिला आणि म्हणाला, "भाषेची नवी आवृत्ती तयार आहे."

अंगणात एकदम शांतता पसरली. ती आदराची शांतता नव्हती, हे विश्वंभराला दिसले. लोक घाबरले होते. काही जणांनी कागद-पेन काढले होते. डेअरीच्या एका बाईंनी शेजारणीचा हात धरला होता. काशिराम अर्धवट उठला आणि टोपी काढून हातात घेत म्हणाला, "आमाला काय काय बदलावं लागंल?"

विश्वंभराने हातातल्या कागदांकडे पाहिले. त्यांत याचे उत्तर शेवटच्या पानावर होते.

"काही नाही," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"काहीही बदलायचं नाही. तुम्ही जे लिहून ठेवलंय, ते जसंच्या तसं चालेल. उद्याही, आणि नंतरही."

काशिराम खाली बसला. अंगणभर सुस्कारा फिरला. कागद-पेन पिशव्यांत परत गेले. कुणीतरी आमरसाची चौकशी केली, आणि पाहता पाहता सगळी मंडळी उठून जेवणाच्या पंगतीकडे निघाली. पूर्वेतिहास कोणी ऐकला नाही. नव्या सोयींबद्दल कोणी विचारले नाही. विश्वंभर कागद हातात धरून रिकाम्या अंगणात उभा राहिला, आणि त्याला आश्चर्य वाटले की आपल्याला मुळीच वाईट वाटत नाही.

गुरुजी कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मंडळींच्या उठण्याच्या गडबडीने त्यांना जाग आली.

"झालं का भाषण?" त्यांनी विचारले.

"नाही झालं."

"कोणी काही विचारलं?"

"एकच प्रश्न आला. काय बदलावं लागेल?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काही नाही म्हणून सांगितलं."

गुरुजींनी त्याच्याकडे नीट पाहिले. मग त्यांनी उठण्यासाठी त्याच्यापुढे हात केला. तो त्यांना उठवत असताना ते म्हणाले, "मग भाषा आजपासून तुझ्याकडे." एवढे बोलून ते पंगतीकडे चालू लागले. ही घोषणा ऐकायला तिथे दुसरे कोणीही नव्हते. विश्वंभराने ती कोणाला सांगितलीही नाही. तो वाढायला गेला, कारण पंगतीत वाढप्यांची कमतरता होती.

आपल्यापैकी ज्यांना स्वयंपाकघरातले डबे अधिक शास्त्रशुद्ध क्रमाने लावण्याची हौस आहे, त्यांनी जरूर लावावेत. फक्त त्याआधी, पहाटे त्याच घरात डोळे न उघडता, नुसत्या हाताच्या सवयीने चहा कोण करते, तेवढे एकदा पाहून घ्यावे.